गावात राहून गाणं-वाजवणं शिकताना : तुमचे अनुभव लिहा

आमचं तालुक्याचं गाव मूर्तिजापूर. डॉ. वसंतराव देशपांडे इथेच जन्मले, १९२० साली; सुरुवातीची तालीम मात्र त्यांना नागपुरात मिळाली, शंकरराव सप्रे गुरुजींकडे. आजही खेड्यातल्या पोराला गाणं शिकायचं म्हटलं की घरचे आधी नागपूर, अमरावती, अकोला हीच नावं घेतात. माझी मुलगी सहावीत आहे, गळा गोड आहे, आणि आठवड्यातून दोनदा तिला शहरात नेणं आमच्या शेतीच्या घरात जमणारं नाही. शिकवणारी माणसं आसपास आहेत, फक्त त्यांच्या दारावर पाटी नाही, असं मला मनापासून वाटतं. तर तुम्हाला गुरू कसे सापडले, काय शिकवलं, पैशाचं कसं ठरलं, कुठं अडलं ते सविस्तर लिहा. गाणं, पेटी, तबला, बासरी, काहीही चालेल. शिकवणाऱ्यांनीही जरूर लिहावं.

दारव्हा तालुका, जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका

पाटीचं अगदी खरं आहे. बदली होऊन या गावात आले तेव्हा पेटी शिकायची फार इच्छा होती. किराणा दुकानात विचारलं तर उत्तर मिळालं, "इथं कोन शिकवते मॅडम!" आमच्याकडे गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना रोज संध्याकाळी होते. तिथं जाऊन बसायला लागले. प्रार्थनेनंतर राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं, त्यात खंजिरी, टाळ आणि एक जुनी पेटी. पेटीवर बसणारे काका दिवसभर शिवणकाम करतात. त्यांना विचारलं तर म्हणाले, "मी काही शिकवत नाई, पन तुमी या बसाले."

पहिल्या दिवशी त्यांनी मला एकही गाणं दिलं नाही. एका पट्टीवर बोट ठेवायला लावलं आणि डाव्या हातानं भाता हलवत तो एकच सूर धरून ठेवायला सांगितला. माझा सूर फुगायचा, मग दबायचा. भाता जोरात ओढला की आवाज धापा टाकल्यासारखा येतो, आणि पूर्ण रिकामा होऊ दिला की मध्येच तुटतो. काका डोळे मिटून ऐकत होते. "आंधी भाता सांबाळा, बोटं मंग पाहू." चारही बोटांनी भाता हलका पुढं-मागं, पूर्ण उघडायचा नाही, पूर्ण मिटायचा नाही. हे जमेपर्यंत त्यांनी मला पुढं जाऊ दिलं नाही, आणि आज मला वाटतं की त्यांनी मला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट तीच.

मग अडचण आली ती गाण्याच्या पट्टीची, म्हणजे 'सा' कोणत्या सुरावर धरायचा त्याची. काका काळी दोनमध्ये, म्हणजे पेटीची दुसरी काळी पट्टी 'सा' धरून गातात. माझा आवाज तिथं खाली घुसमटायचा. काळी पाच धरली तर गाणं मोकळं झालं, पण 'सा' सरकला की बोटांची सगळी वाट बदलते. त्यांचा हात काळी दोनवर बसलेला. ते ऐकून वाजवणारे. स्वरलिपी लिहिता येत नाही, रागाचं नाव सांगता येत नाही. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत यवतमाळला एका विशारद (संगीताची वरची परीक्षा) झालेल्या मॅडमकडे जाऊन वेगवेगळ्या पट्ट्यांत अलंकार, म्हणजे सरावाचे स्वरसमूह, कसे वाजवायचे, अंगठा कुठं वळवायचा हे शिकून आले. दोन्ही शिक्षणं लागली. एकाकडून भजनाचा ठेहराव आणि कुठं थांबायचं ते कळलं, दुसरीकडून बोटांची शिस्त. कमी-जास्त ठरवायची मला गरज वाटत नाही.

पैसे काकांनी घेतले नाहीत. त्यांच्या नातीचं गणित मी घेते. दोघंही समाधानी आहोत.

वडसा परिसर, धानाची शेती

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या धानाच्या भागात, गुरू शोधावा लागत नाही, हंगामात तो रात्रभर डोळ्यांसमोर बसलेला असतो! दिवाळी झाली की नाटकं सुरू होतात ती होळीच्या आसपासपर्यंत. मी ऑर्गनवाल्या गुरुजींच्या मागं जागा धरायचो. पण हंगामात ते आज या गावी, उद्या त्या गावी. शिकवायला वेळ कुठला? त्यांनीच सांगितलं, रोवणी आटोपली की ये. पावसाळ्यात शिकायचं आणि हंगामात ऐकायचं, असं आमचं चालतं. नाटकाची पदं ऐकून ऐकून कान तयार झाला होता, म्हणून बोटांना वेळ लागला नाही.

अंजनगाव सुर्जी, मुलगा तबला शिकतो

एकच कळकळीची सूचना. वाद्य आधी आणि गुरू नंतर, असं करू नका. दायाचं (उजव्या हाताच्या तबल्याचं) तोंड किती इंचाचं आहे यावर तो कोणत्या पट्टीत बोलणार हे ठरतं: लहान तोंड उंच सुराला, मोठं तोंड खालच्या सुराला. दुकानदार समोर असेल ती जोडी देतो. आमच्या सरांनी स्वतः येऊन शाईवर (मधल्या काळ्या गोलावर) थाप मारून, किनारीवर सगळीकडं सूर सारखा येतो का ते पाहून जोडी निवडली. पावसाळ्यात हवा ओली झाली की पुडी (वरचं कातडं) सैल होऊन सूर उतरतो. मग सर हातोडीनं गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या वेणीवर) हलके ठोके देत सूर वर आणतात. जास्तच उतरला असेल तर बाजूचे लाकडी गट्टे खाली ठोकतात, त्यानं वादी (चामड्याची पट्टी) ताणली जाते. मुलाला बोलांच्या आधी हे शिकवलं, कारण गावात पुडी फाटली तर ती बदलून मिळायला वेळ लागतो. वाजवून झालं की कापडानं झाकायचं, धान्याच्या खोलीत आणि ओल्या भिंतीजवळ ठेवायचं नाही. त्रितालाच्या सोळा मात्रा हातावर मोजत तो बैलांच्या गोठ्यातसुद्धा 'धा धिं धिं धा' म्हणत असतो. आजोबांना आता ठेका पाठ आहे.

आर्णी तालुका, अंगणवाडी सेविका

मुलीच्या आईला उत्तर देते. माझी मुलगी गाणं शिकते. आधी तालुक्याच्या गावी एका क्लासला घातलं होतं. वर्षभर परीक्षेपुरत्या दोन बंदिशी घोटून घेतल्या. मूल पास झालं, पण 'सा' दाखवल्याशिवाय तिला लागत नव्हता. तो क्लास सोडला. नंतर शेजारच्या गावच्या कीर्तनकार ताई सापडल्या. त्या आमच्या घरी येतात, ओसरीवर बसतात, मी समोर तांदूळ निवडत बसते. मुलीची आई म्हणून स्पष्ट सांगते, शिकवणारं माणूस कितीही मोठं असो, दार उघडं आणि घरचं कुणीतरी जवळ, हे पहिल्याच दिवशी बोलून घ्या. भल्या शिक्षकाला त्याचा राग येत नाही.

परीक्षा वाईट नाहीत हो. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा पायऱ्या विशारद आणि अलंकारपर्यंत आहेत. मुलीला त्यातून टप्पा दिसतो. पण वर्षाअखेरचं सत्र बरोबर आमच्या कापूस वेचणीत येतं. आम्ही उन्हाळ्याचं सत्र धरतो.

चिखली, कृषी केंद्रात नोकरी

माझी बासरी, गुरुजी पुण्यात, शिकवणी मोबाइलवर. लॉकडाउनमध्ये सुरू झालं ते अजून चालू आहे. ज्यांना जवळ कुणीच नाही त्यांच्यासाठी लिहितो.

दोघांनी एकत्र वाजवणं मोबाइलवर होत नाही. आवाज पोचायला क्षणभर उशीर लागतो आणि तेवढ्यात सम (तालाची पहिली मात्रा) निघून जाते. म्हणून ते वाजवतात, मी ऐकतो. मग मी वाजवतो, ते ऐकतात. तानपुरा माझ्या बाजूला लावायचा. कॉलचं ॲप त्या सलग सुराला गोंगाट समजून कापतं. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' चालू केल्यावर खूप फरक पडला. ब्लूटूथचे इयरफोन वापरू नका, आणखी उशीर होतो. साधे वायरचे चांगले.

फुंकेचं मात्र अवघड. मोबाइल समोर ठेवला की ओठांचा कोन दिसत नाही. गुरुजींनी तो बाजूला, खांद्याच्या उंचीवर ठेवायला सांगितला आणि लगेच लक्षात आलं की मी बासरी आत वळवून धरत होतो, त्यामुळे सूर उतरत होता. संध्याकाळी नेटवर्क फक्त गच्चीवर टाकीजवळ येतं, आणि वारा असला की बासरीच्या तोंडावरची फुंक उडते. तेव्हा खोलीत रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर पाठवतो. रात्री गुरुजी बोलून चुका सांगतात. ते परत परत ऐकता येतं, हा फायदा मला समोरासमोर मिळाला नसता.

शेगावजवळ

पखवाज. मंदिरात काकड्याला येणाऱ्या माळकरी बाबांकडून. फी नाही, अट एकच: धुमेला (डाव्या तोंडाला) कणीक स्वतः मळून लावायची आणि वाजवून झालं की काढून पुसून ठेवायची. कणीक सैल झाली की डावा बोलत नाही. भजनी ठेका आधी, बाकी नंतर.

पुलगाव, निवृत्त शिक्षक, गाणं शिकवतो

शिकवणाऱ्याच्या बाजूनं चार गोष्टी लिहितो, कारण सहावीतल्या मुलीचं वाचून राहवलं नाही.

ताई, तिला पेटीच्या मागं गायला लावणाऱ्यापेक्षा तानपुऱ्यावर 'सा' लावून घेणारा शोधा. पेटीचे सूर ठरलेले असतात, त्यात मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तोडता घसरत जाणं, निघत नाही. याच वादातून आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदी होती. मला पेटी अतिशय प्रिय आहे, पण कोवळ्या गळ्यानं सूर स्वतः शोधायला हवा. तानपुरा घ्यायची गरज नाही, मोबाइलवरचा चालतो. सुरुवातीला मी भूप राग देतो. सा रे ग प ध, पाचच स्वर, म आणि नी नाहीत. मुलं घाबरत नाहीत.

एक महिना बसून बघा आणि मग ठरवा. मी स्वतः पालकांना पहिल्या महिन्याचे पैसे मागत नाही. पुढं महिन्याला ४०० रुपये घेतो, कुणी तूर डाळ आणून देतो, तीही चालते. पेरणीच्या दिवसांत आणि सोयाबीन काढणीला माझे निम्मे विद्यार्थी येत नाहीत. पूर्वी वाईट वाटायचं. आता त्या आठवड्यांसाठी एकच पलटा (सरावाची स्वररचना) देतो: सारेग, रेगम, गमप. शेतात जाता-येता म्हणा, आल्यावर ऐकवा. जो म्हणून येतो तो घरी बसून शिकणाऱ्यापेक्षा मागं पडत नाही, हे मी पाहिलेलं आहे.

आणि मुलगी बारा-तेरा वर्षांची होते तेव्हा आवाज बदलतो, मुलांचा जास्त, मुलींचाही थोडा. त्या काळात उंच पट्टीत ओरडून गायला लावणारा शिक्षक असेल तर तिला तिथून काढा.

वरुड, संत्र्याची बाग, वय ५८

गुरुजींचं वाचून धीर आला. मी नातवाच्या क्लासला सोबत म्हणून जायची. बाई म्हणाल्या, "आजी, नुसत्या काऊन बसता, सूर लावा." आता महिला भजनी मंडळात मी पुढं म्हणते. सुनेनं जुनी दुहेरी पेटी आणून दिली आहे. मंद्रातला (खालच्या सप्तकातला) 'प' दाबला की बारीक किर्र आवाज येतो. भाता ठीक आहे, रीड (आतली सूर देणारी पितळी पट्टी) बिघडली असावी. वरुड, मोर्शी, शेंदूरजना घाटकडं पेटी उघडून नीट करणारं कुणी असेल तर लिहा. पोळ्यानंतर आमच्याकडं सप्ताह आहे, त्याआधी झाली तर बरं.