परिषदेत बसणार कोण?

'राज्याने कायदा करून ऑटिझम (स्वमग्नता) परिषद नेमली की काम झालं' असं काहीजण म्हणतात, ते मला अर्धवट वाटतं. अमेरिकेतले असे कायदे वाचताना मी आधी दोनच गोष्टी बघतो, पैसा कुठून येणार आणि खुर्चीत कोण बसणार. न्यू जर्सी राज्यात पैशाची सोय झकास आहे. वाहतुकीचा नियम मोडल्याची पावती फाटली की त्यातला १ डॉलर ऑटिझम परिषदेच्या निधीत जातो. (बेशिस्त चालकांचा एवढा तरी उपयोग!) खुर्च्यांचं म्हणाल, तर अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या ऑटिझम समितीत २०१९च्या कायद्यापासून स्वतः ऑटिस्टिक असलेले किमान ३ सदस्य लागतात, आधी २ पुरायचे. राज्याच्या कायद्याच्या मसुद्यात असा आकडाच नसेल, तर जागा अधिकारी आणि डॉक्टरच भरणार, दुसरं काय?