मदत हवी आहे: अंटार्क्टिकातल्या प्रिड्झ उपसागराच्या किनाऱ्यावरचा खोटा बर्फ

नमस्कार मंडळी. बडोद्यातून (बाहेर ४२ अंश, हसू नका!) तिथल्या भारती या भारतीय संशोधन तळाजवळच्या समुद्री बर्फाचं प्रमाण काढतोय. माहिती एसएसएमआयएस या उपग्रहावरच्या सूक्ष्मतरंग मापकाची, जाळी २५ किमीच्या चौकटींची. फेब्रुवारीत किनाऱ्यालगतच्या मोकळ्या पाण्यावरही १५ टक्क्यांहून जास्त बर्फ दिसतो. कारण उघड आहे: १९ गिगाहर्ट्‌झवर एकेक मापन साधारण ७० बाय ४५ किमीचं, त्यात जमिनीचं प्रारण (तिथून निघणारे सूक्ष्मतरंग) मिसळून पाणी बर्फासारखं दिसतं. ३७ आणि १९ गिगाहर्ट्‌झच्या मापनांच्या गुणोत्तराची (फरक भागिले बेरीज) ०.०५ ची चाळणी ढग-वाऱ्यामुळे दिसणारा खोटा बर्फ काढते, जमिनीमुळे दिसणारा नाही. ती आणखी कडक केली तर पातळ कोवळा बर्फच गळतो. किनारी चौकटींतून उन्हाळ्यात दिसणारं बर्फाचं किमान प्रमाण वजा करावं, तर किनाऱ्याला चिकटलेला खरा बर्फही जातो. एएमएसआर-२ या दुसऱ्या उपग्रह-मापकाच्या ८९ गिगाहर्ट्‌झवरून कुणी किनारी मुखवटा (वगळायच्या चौकटींचा नकाशा) केलाय का? तिथे ढगांच्या अडथळ्याचं काय केलंत?