एका वर्गात बसवून टीमवर्क येतं का?

रात्रपाळी_आरएमओ: कालच्या धाग्यात एका काकांनी तोडगा काढलाय: एमबीबीएस, नर्सिंग, फिजिओ, फार्मसी, सगळ्या पोरांना पहिल्या वर्षापासून एकत्र शिकवा, टीमवर्क आपोआप येईल. आपोआप! एमबीबीएसच्या 2019 च्या अभ्यासक्रमात 'आरोग्य-चमूचा नेता आणि सदस्य' अशी डॉक्टरची भूमिका लिहिलेली आहेच की. पहिल्या वर्षाच्या सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्सला एक पीपीटी झाली, सह्या झाल्या, विषय संपला. 'नेता' तेवढं सगळ्यांच्या लक्षात राहिलं. रात्री दोनला अख्ख्या वॉर्डाला एक सिस्टर असते. आधी जागा भरा.

निवृत्त_सिस्टर: भराच. पण इन्सुलिनच्या 10 पुढे युनिटचा इंग्रजी 'यू' असा गोल काढलेला की सरळ 100 वाचावं. मी डोस थांबवून फोन केला. पलीकडून डॉक्टर: "सिस्टर, ऑर्डर फॉलो करा." नाही केली. आमच्या मुलींबरोबर शिकला असता तर निदान केसपेपर बघायला उठला असता.

रात्रपाळी_आरएमओ: 'युनिट' अख्खं लिहा, एवढं सांगायला एकत्र वर्ग कशाला?

फिजिओ_पुणे: स्ट्रोकचा पेशंट कधी बसवायचा, हे राऊंडला आम्हाला विचारतं कोण? वर सप्टेंबर 2025 मध्ये आमच्या नावापुढचं 'डॉ.' काढा म्हणून दिल्लीहून, केंद्राच्या आरोग्य महासंचालनालयाचं पत्र, दुसऱ्या दिवशी मागे. ही तुमची टीम!

हाडांचा_डॉक्टर: आलं 'डॉ.'! एक आजी तीन महिने गुडघा शेकत होत्या, "डॉक्टरांनी सांगितलंय" म्हणून. डॉक्टर म्हणजे फिजिओ. एक्स-रे काढला, तर गाठ.

फिजिओ_पुणे: आणि ऑपरेशननंतर दीड महिना न हलवलेले, लाकूड झालेले गुडघे आमच्याकडे कोण पाठवतं? त्यांच्या नावापुढे तर 'डॉ.' असतंच.

होमिओपॅथ_विदर्भ: आम्हाला 2014 च्या कायद्याने अ‍ॅलोपॅथीची औषधं लिहायला…

हाडांचा_डॉक्टर: तुम्ही वेगळा धागा काढा हो.

गोळीवाला: मूळ मुद्द्यावर या जरा. डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटना) एकत्र शिक्षणावरच्या 2010 च्या आराखड्यात नुसतं एकत्र बसणं नाहीये. एकमेकांबद्दल, एकमेकांकडून, एकमेकांसोबत शिकणं आहे. अ‍ॅनाटॉमीला दोनशे पोरं कोंबून ते होत नाही. एकच पेशंट चौघांना द्या: औषधं फार्मसीवाल्याने तपासायची, हालचाल फिजिओने, आणि घरी काय झेपेल ते नर्सिंगच्या मुलीने सांगायचं. एमबीबीएसवाल्याने ऐकायचं.

हाडांचा_डॉक्टर: आणि चुकलं की कोर्टात कोण उभं राहणार? तोच ऐकणारा ना?

निवृत्त_सिस्टर: ते इंजेक्शन दिलं असतं तर पहिली नोटीस मला आली असती, डॉक्टर.

रात्रपाळी_आरएमओ: बरं, वर्ग नको, राऊंड एकत्र घ्या. हरकत नाही. फक्त आठच्या राऊंडला सर साडेनऊला येतात, हे बाकीच्या तिघांना आधी सांगून ठेवा.