विक्रमाचा हट्ट की जिद्द? हट्ट, हेका, ईर्षा, भीड आणि दुराग्रह

मूळ प्रश्न

घरात जपून ठेवलेले ‘चांदोबा’चे बांधीव अंक मी सध्या पुन्हा वाचतो आहे. १९५२ पासून मराठीत निघालेल्या या मासिकातील विक्रम-वेताळाची गोष्ट, राजाने आपला हट्ट सोडला नाही, अशा अर्थाच्या वाक्याने सुरू होते. लहानपणी हा शब्द कधी खटकला नाही; आता मात्र प्रत्येक अंकात तिथे अडायला होते. काळोख्या रात्री स्मशानातून प्रेत खांद्यावर वाहून नेणारा निर्भय राजा हट्टी कसा? हट्ट मुले धरतात, आणि मोठ्या माणसाला हट्टी म्हटले तर त्यात नापसंती असते. जिद्द, निर्धार किंवा चिकाटी यांपैकी एखादा शब्द इथे हवा होता, असे मला वाटते. उलट बाजूने पाहिले, तर फळात दडवलेली रत्ने भेट देणाऱ्या भिक्षूला मंत्रसाधनेसाठी एका वीराची मदत हवी आहे, एवढ्या उत्तरावर हा राजा समाधान मानतो आणि ती साधना कशासाठी, हे विचारतही नाही. आज वाचताना ही निवड मला शहाणपणाची वाटत नाही. म्हणून कदाचित दुराग्रह हाच शब्द योग्य ठरेल. जाणकारांनी या शब्दांतील भेद कृपया उलगडून सांगावा.

प्रतिसाद, शिवाजी पेठेतून

आपल्या कोल्हापुरात या ठिकाणी ‘ईर्षा’ हा शब्द सहज तोंडी येईल. संस्कृतात ईर्ष्या म्हणजे मत्सर. परंतु इकडे पेठापेठांतील फुटबॉलचे सामने ईर्षेने खेळले जातात, गावच्या निवडणुका ईर्षेने लढवल्या जातात, आणि त्यात मत्सरापेक्षा माघार न घेण्याची भावनाच अधिक असते. ‘राजा ईर्षेला पेटला’ असे म्हटले, तर त्याला कमीपणा येत नाही. (ज्या पेठेत वेताळमाळ नावाची तालीम आहे, तिथल्या मुलांना वेताळ हा शब्द भीतीचा वाटत नाही, हेही जाता जाता नमूद करतो.)

प्रतिसाद

ईर्षेचा हा इकडचा अर्थ कोशातल्या अर्थाइतकाच खरा आहे आणि तो जपायला हवा. मात्र ईर्षेला समोर प्रतिस्पर्धी लागतो. वेताळ राजाशी स्पर्धा करत नाही. तो त्याच्या खांद्यावर बसून गोष्ट सांगतो आणि न्याय विचारतो. म्हणून ईर्षा इथे बसणार नाही.

असे जवळजवळचे शब्द वेगळे करायचे असतील, तर प्रत्येकाबरोबर कोणते क्रियापद नांदते ते आधी पाहावे. जिद्द बाळगतात, जिद्दीला पेटतात. निर्धार करतात. चिकाटी अंगी असते. हेका धरतात, चालवतात, सोडत नाहीत. हट्टसुद्धा धरतात आणि सोडतात. पण त्याच्याजवळ आणखी एक क्रियापद आहे, जे या बाकीच्यांपैकी कोणालाही चालत नाही: हट्ट पुरवतात. जिद्द पुरवली किंवा निर्धार पुरवला, असे कोणी म्हणत नाही. संतकाव्यातही याच अर्थाने येणाऱ्या ‘आळ’, ‘आळी’ या शब्दांबरोबर ‘पुरवणे’ येते. तेव्हा हट्टाला देणारा लागतो. मागणारा कितीही धडपडला, तरी शेवट दुसऱ्याच्या हाती असतो.

या कसोटीवर विक्रमाची गोष्ट लावून पाहावी. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने कथासरित्सागरात ती सांगितली, तेव्हा राजाचे नाव त्रिविक्रमसेन होते आणि त्याची राजधानी गोदावरीकाठचे प्रतिष्ठान, म्हणजे आपले पैठण. तिथे वेताळाची अट दुहेरी फासासारखी आहे: उत्तर ठाऊक असून बोलला नाही, तर राजाचे मस्तक फुटेल; आणि बोलला, तर प्रेत पुन्हा शिंशपेच्या झाडावर जाईल. राजा प्रत्येक वेळी उत्तर देतो आणि प्रत्येक वेळी मुकाट्याने मागे फिरतो. अखेरच्या कोड्यात एक बाप परक्या घरातल्या मुलीशी लग्न करतो आणि त्याचा मुलगा त्या मुलीच्या आईशी. त्यांना होणाऱ्या मुलांचे एकमेकांशी नाते काय, या प्रश्नाला राजाजवळ उत्तर नसते आणि तो गप्प राहतो. जिद्दीची गोष्ट असती, तर राजा इथे जिंकला असता. तो तर निरुत्तर झालेला आहे. तरीही वेताळ त्याच्या धैर्यावर प्रसन्न होतो, त्याला प्रेत नेऊ देतो आणि भिक्षू तुझाच बळी देणार आहे, असे सांगून सावध करतो. वेताळाने राजाचा हट्ट पुरवला, हे वाक्य मराठीत किती सरळ उतरते! म्हणूनच चांदोबाने वापरलेला शब्द मला नेमका वाटतो. हट्टी माणसाबद्दलची नापसंती त्यात आहे हे खरे. पण चांदोबातला वेताळही नवी गोष्ट सुरू करताना राजाला नेमके हेच विचारतो, की एवढे कष्ट कोणासाठी आणि कशासाठी? ती शंका शब्दातच मुरलेली असणे मला योग्य वाटते.

दुराग्रह मात्र चालणार नाही. दुराग्रह मताचा असतो, आणि समोरच्याने युक्तिवाद करूनही ते मत सोडले नाही, म्हणजे तो दुराग्रह ठरतो. राजापुढे असा युक्तिवाद कोणी केलेलाच नाही. त्याची जी निवड आपल्याला खटकते, तिच्यासाठी मराठीत ‘भीड’ हा फार चांगला शब्द आहे. रत्ने घेऊन चुकल्यावर साधना कसली, हे खोदून विचारणे त्याला जड गेले असावे. कथेत हे शब्दांनी सांगितलेले नाही. माझा तर्क आहे. भिडेपोटी वचन दिले, वचनासाठी वाट धरली, आणि झाडाकडच्या एकेका फेरीबरोबर त्या वचनाचा हट्ट होत गेला.

मूळ प्रश्नकर्ता

‘पुरवणे’ची कसोटी पटली. मग वेताळाने सांगितलेल्या एका गोष्टीतल्या वीरवराला काय म्हणावे? शूद्रक राजाचे प्राण वाचावेत म्हणून हा नोकर देवीपुढे स्वतःच्या मुलाचा बळी देतो आणि शेवटी स्वतःचे मस्तकही उतरवतो. लहानपणी मी त्याला थोर मानत असे. आता ती गोष्ट वाचवत नाही.

प्रतिसाद

वीरवर कोणाकडे काही मागत नाही, म्हणून तिथे हट्ट नाही; ती निष्ठा आहे, आणि निष्ठा हा शब्द वापरला म्हणजे कृत्य योग्य ठरले, असे होत नाही. हट्ट त्याच गोष्टीत शूद्रकाचा आहे. लपून सर्व पाहिलेला तो राजा तलवार काढून स्वतःचे मस्तक द्यायला निघतो, आणि देवीला त्या सर्वांना जिवंत करावे लागते. याला कोणी साकडे म्हणेल. आपण अंबाबाईला साकडे घालतो, पण त्यात आर्जव असते. आणि इथे मागणारा प्राण पणाला लावून अडून बसला आहे. त्रिविक्रमसेनही श्रेष्ठत्वाचा निवाडा शूद्रकाच्याच बाजूने देतो, कारण सेवकाने धन्यासाठी मरणे त्याला रीतीचे वाटते आणि धन्याने सेवकासाठी मरायला निघणे विरळा.

त्या निवाड्याचे कारण मला मान्य नाही, कारण त्यात मुलाचा हिशेब कुठेच नाही. मुलाने आनंदाने संमती दिली, असे कथा सांगते. तरीही बलिदान माणूस स्वतःचे करतो, आणि बळी दुसऱ्याचा दिला जातो. वीरवराच्या मरणाला बलिदान म्हणता येईल. त्याचा मुलगा बळी गेला, आणि त्याच्यासाठी मी दुसरा शब्द वापरणार नाही.