शब्द हवा: 'नॉन-फिक्शन'ला मराठीत काय म्हणायचं?

दौतटाक: एका दिवाळी अंकासाठी बेली गिफर्ड पुरस्कारावर टिपण लिहितेय. ब्रिटनमधला नॉन-फिक्शन पुस्तकांचा मोठा मानाचा पुरस्कार. १९९९ला सुरू झाला तेव्हा नाव होतं सॅम्युएल जॉन्सन पुरस्कार, २०१६पासून प्रायोजकाचं, म्हणजे बेली गिफर्ड या गुंतवणूक कंपनीचं, नाव लागलं. मी सरळ 'ललितेतर पुस्तकांचा पुरस्कार' लिहून मोकळी झाले. संपादकांनी लाल रेघ मारून समासात विचारलं, "'एच इज फॉर हॉक' ललितेतर?" हेलन मॅकडॉनल्डचं हे पुस्तक २०१४चं विजेतं. वडील अचानक गेले आणि त्या दुःखात बाईंनी एक शिकारी पक्षी आणून माणसाळवला, त्याची हकीकत. मी वाचलंय. ते ललितेतर असेल तर ललित कशाला म्हणायचं, मलाही सांगता येईना. शुक्रवारपर्यंत मजकूर द्यायचाय.

मोडीवाचक: ललितेतर रूढ आहे. घोळ संपादकांच्या डोक्यात आहे.

चिंचोका: रूढ आहे म्हणूनच घोळ आहे. 'ललित साहित्य' म्हणताना आपण कथा-कादंबरी-कविता-नाटक धरतो. आणि 'ललित लेख' म्हटलं की त्यात रचलेली गोष्ट नसतेच! दुर्गाबाईंच्या 'पैस'ला १९७१चा साहित्य अकादमी मिळाला. ते ललित की ललितेतर? ललित ही लिहिण्याची तऱ्हा झाली. फिक्शनचा प्रश्न वेगळा: घडलं की रचलं?

घाटावरचा: हिंदीवाले 'कथेतर' म्हणतात. उचला की.

चिंचोका: त्यांच्या कथा-साहित्यात कादंबरी येते. आपल्याकडे कथा म्हणजे कथा. मराठीत 'कथेतर' म्हटलं तर सगळ्या कादंबऱ्या आत घुसतील.

अळूचं फदफदं: मला मुळात 'इतर'चाच राग आहे. 'शिक्षकेतर कर्मचारी' म्हणतात तसं. म्हणजे तुम्ही कोण ते नाही सांगणार, कोण नाही तेवढं सांगणार. आमच्या गावच्या वाचनालयात पुस्तकांच्या पाठीवर निळ्या शाईने अक्षर असायचं: 'का' कादंबरी, 'क' कथा, 'ना' नाटक. कशातच न बसणाऱ्यांवर 'इ'. खिडकीखालचं सगळ्यात खालचं फडताळ, पावसाळ्यात ओल यायची. दहावीच्या सुट्टीत तिथे उकिडवी बसून मी 'स्मृतिचित्रे' वाचलं. लक्ष्मीबाई टिळक 'इ'!

मोडीवाचक: आणि 'युगान्त' कशात होतं? आमच्याकडे ते धार्मिक पुस्तकांत लावलेलं.

अळूचं फदफदं: इरावतीबाईंना कळलं असतं तर!

घाटावरचा: मग 'अकाल्पनिक'? 'वास्तवपर'?

चिंचोका: 'अकाल्पनिक' ऐकून पुस्तकाला ताप आल्यासारखं वाटतं. 'वास्तवपर' म्हटलं तर वास्तववादी कादंबरी दारात उभी. शिवाय लिहिणारे ऐकतात कुठे? २०२४चा विजेता रिचर्ड फ्लॅनगन. 'क्वेश्चन सेव्हन'मध्ये वडिलांची जपान्यांकडची कैद आहे, हिरोशिमा आहे आणि मध्येच एच. जी. वेल्सचं प्रेमप्रकरण. याच माणसाला २०१४चा बुकर कादंबरीसाठी मिळाला होता.

दौतटाक: तोच. पन्नास हजार पौंडांचं बक्षीस त्याने लगेच घेतलं नाही. प्रायोजकांनी आधी खनिज इंधनांतली गुंतवणूक कमी करण्याचा बेत सांगावा म्हणाला. हेही टिपणात आहे. जाता जाता 'शॉर्टलिस्ट'लाही शब्द सुचवा.

मोडीवाचक: लघुयादी. आणि कृपया 'बक्षीस' नको, ते फारसी. 'पारितोषिक' म्हणा.

घाटावरचा: 'यादी'तली 'याद' कुठली हो? सदाशिव पेठेतली?

मोडीवाचक: यादी रुळलीय.

घाटावरचा: आणि बक्षीस काल आलं? आमची आजी बोरं विकायची, तिलाही बक्षीस ठाऊक होतं. पारितोषिक ऐकलं असतं तर औषध समजली असती.

अळूचं फदफदं: शॉर्टलिस्टला 'गाळीव यादी'. चाळणीतून उरलेली. लघुयादी ऐकून मला भलतंच आठवतं.

चिंचोका: विषय आलाच आहे तर, ज्याच्या नावाने हा पुरस्कार होता तो जॉन्सन स्वतः कोशकार. १७५५च्या कोशात त्याने 'कोशकार' या शब्दाचा अर्थ दिला, 'हार्मलेस ड्रज'. करा मराठी.

मोडीवाचक: निरुपद्रवी पाट्याटाकू.

चिंचोका: छे. पाट्या टाकणारा अंग राखून काम करतो. ड्रज राब राब राबतो.

घाटावरचा: निरुपद्रवी गाढव.

अळूचं फदफदं: गाढव लाथ मारतं. घाण्याचा बैल घ्या.

दौतटाक: अहो, माझा शब्द?

मोडीवाचक: घाण्याचा बैल गोल गोल फिरतो, कोशकार 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत सरळ जातो. बैल पटत नाही.

अळूचं फदफदं: सरळ जातो? एक शब्द पाहायला कोश उघडा, तो म्हणतो 'अमुक पाहा'. तिथे जा, तो परत पहिल्याकडे धाडतो. बैलच!