वाकळीचा दर किती लावू?

टाकेवाली, वडगाव (बेळगाव):
जुन्या इरकली लुगड्यांच्या वाकळी शिवते. आजवर पै-पाहुण्यांना फुकटच दिल्या. आता पुण्याची एक बाई दोन मागतेय, दर विचारूलालीय. एका वाकळीला २२ दिवस जातात, रोज दुपारी दोन तास. मी १,२०० म्हणणार होते, तर आमचे हे म्हणतात, "जुन्या कापडाला कोण एवढे देतंय?" काय करू?

शहापूरची काकू:
अगं, ४४ तास झाले की! १,२०० म्हणजे तासाला २७ रुपये. धुण्याभांड्याला तरी कोण येईल का एवढ्यात? दोरा, अस्तर, कुरिअर वेगळंच. तीन हजारांच्या खाली बोलू नकोस. आणि ह्यांना थंडीत एक रात्र वाकळीविना झोपव.

निपाणीकर:
ताई, धंदा म्हणून करणार असाल तर उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, करून घ्या. आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते, फुकट. मी एका एजंटाला ५०० रुपये देऊन बसलो, तसं करू नका.

टाकेवाली:
काकू, ३,००० सांगितले, बाई लगेच हो म्हणाली! पण एक निळ्या काठाची हवी. तसलं लुगडं सासूबाईंच्या ट्रंकेत एकच आहे, आणि किल्ली त्यांच्या कमरेला.