सेक्टर आणि सेक्शन

नवी मुंबईतल्या वाशीच्या पत्त्यातलं ‘सेक्टर’ म्हणजे ‘सेक्शन’चंच दुसरं रूप का, असा प्रश्न पडू शकतो. धातू एकच, लॅटिन ‘सेकारे’, म्हणजे कापणे. फरक प्रत्ययाचा. ‘सेक्शन’ म्हणजे कापण्याची क्रिया किंवा कापलेला भाग; ‘सेक्टर’ म्हणजे मुळात कापणारा. हा ‘-टर’ आपल्या ‘दातृ’, ‘कर्तृ’मधल्या ‘-तृ’चा सख्खा भाऊ आहे.

मग कापणारा हा तुकडा कसा झाला? ग्रीक भूमितीत दोन त्रिज्या आणि कंस यांमधल्या आकृतीला ‘तोमेउस’, म्हणजे कापणारा, म्हणत. लॅटिनमध्ये त्याचंच शब्दशः भाषांतर ‘सेक्टर’ झालं. आपल्या पाठ्यपुस्तकातली वर्तुळपाकळी ती हीच. (वृत्तछेदिकेचा ‘सीकंट’ही याच धातूचा, आणि तिथे मराठी शब्दाने ‘छेदणारी’ हा अर्थ किती नेमका धरला आहे!) पुढे युद्धआघाडीचा पट्टा, अर्थव्यवस्थेचं क्षेत्र आणि शहराचा आखलेला भाग, असा अर्थ पसरत गेला. म्हणून ‘पब्लिक सेक्टर’ला ‘सार्वजनिक क्षेत्र’ योग्यच, पण पत्त्यात ‘क्षेत्र 17’ लिहू नये. तिथे ते विशेषनामाचा भाग आहे.

पत्ता लिहिताना नेहमीची चूक म्हणजे नुसतं ‘सेक्टर 10, नवी मुंबई’. क्रमांक प्रत्येक नोडमध्ये (म्हणजे वाशी, नेरुळ यांसारख्या आखलेल्या उपनगरात) 1 पासून पुन्हा सुरू होतात, त्यामुळे सेक्टर 10 वाशीतही आहे, नेरुळमध्येही आणि खारघरमध्येही. नोडचं नाव हवंच. ‘9 ए’मधला ‘ए’सुद्धा गाळू नका, तो वेगळा सेक्टर असतो.